आयोडिनची भूक

शरीरातला प्रत्येक अवयव रक्तातून आपापले अन्न घेतो, पण काहींच्या गरजा खास असतात. हाडांना कॅल्शियम हवे, रक्ताला लोह हवे. आणि गळ्याच्या पुढच्या बाजूस, श्वासनलिकेला बिलगून बसलेल्या फुलपाखराच्या आकाराच्या थायरॉईड ग्रंथीला हवे आयोडिन. ग्रंथी लहानशी, वजनाने काही तोळे एवढीच. पण तिची भूक मोठी. रक्तात जितके दाट आयोडिन असते त्याच्या वीस ते चाळीस पट दाट आयोडिन ती स्वतःकडे ओढून साठवते. ही भूक माणसाने कशी ओळखली, तिचा औषधासारखा उपयोग कसा केला, आणि तीच भूक मेंदूतल्या असाध्य गाठीला उसनी देता येईल काय याचा शोध कसा घेतला, हा इतिहास येथे थोडक्यात सांगावयाचा आहे.

हा विषय मुद्दाम निवडण्यास कारण आहे. एखाद्या घरात मेंदूच्या गाठीचे निदान झाले की त्या घरी दोन प्रकारची माणसे भेटीला येतात. एक म्हणतात, ‘आता काही उपयोग नाही, देवावर भरवसा ठेवा.’ दुसरी म्हणतात, ‘परदेशात नवे औषध निघाले आहे, जनुकांवरचे, शेत विकावे लागले तरी चालेल, पण पेशंटला न्या.’ सत्य या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी असते. ते नेमके कोठे आहे हे समजण्यास वर्तमानपत्रातील बातमीपेक्षा इतिहास अधिक उपयोगी पडतो, असे मला वाटते.

समुद्री शेवाळाची राख

आयोडिनचा शोध लागला तो नेपोलियनच्या लढायांमुळे. बंदुकीच्या दारूसाठी फ्रान्सला सोरा हवा होता. पॅरिसजवळ सोऱ्याचा कारखाना चालवणारा बर्नार कुर्त्वा हा समुद्री शेवाळाच्या राखेतून लागणारे क्षार काढीत असे. १८११ साली भांडी साफ करताना त्याने नेहमीपेक्षा जास्त गंधकाम्ल ओतले आणि समोर जांभळ्या रंगाच्या वाफा उठल्या. त्या थंड होताच त्यांचे काळसर चमकदार स्फटिक बनले. जांभळा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पुढे या मूलद्रव्यास आयोडिन हे नाव मिळाले. कुर्त्वाच्या पदरी मात्र फारसे काही पडले नाही. १८३८ साली तो गरिबीतच वारला.

गलगंडावर समुद्री स्पंज जाळून त्याची राख देण्याची रीत युरोपात फार जुनी होती. ती का लागू पडते हे कोणालाच ठाऊक नव्हते. जिनिव्हाचा डॉक्टर कॉइंदे याने अंदाज बांधला की या राखेतले औषधी तत्त्व म्हणजे हे नवे आयोडिनच असावे. १८२० साली त्याने ते रोग्यांना दिले आणि सुजलेले गळे उतरू लागले. प्रमाण न कळल्याने काहींना त्रासही झाला. आयोडिन आणि गळा यांचे नाते मात्र लक्षात आले होते. १८९५ साली जर्मनीत फ्रायबुर्ग येथे बाउमान याने थायरॉईड ग्रंथीतच आयोडिन असल्याचे दाखवून दिले, तेव्हा ते नाते सिद्ध झाले.

त्यानंतरचा धडा शाळेतल्या मुलींनी दिला. अमेरिकेत ओहायो राज्यातील ॲक्रन या गावी डेव्हिड मरीन आणि किंबॉल यांनी १९१७ पासून शाळकरी मुलींना आयोडिनयुक्त क्षार देऊन पाहिला. औषध घेतलेल्या दोन हजारांहून अधिक मुलींपैकी अवघ्या पाचजणींचा गळा वाढला. न घेतलेल्या तितक्याच मुलींत ही संख्या पाचशेच्या घरात होती. आपल्याकडे डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांनी १९५६ पासून हिमाचलातील कांगडा खोऱ्यात आयोडिनयुक्त मिठाचा प्रयोग केला आणि तोच निष्कर्ष काढला. आज किराणा दुकानातून आपण आणतो त्या मिठाच्या पुडीमागे हा इतिहास आहे. मराठीत ज्याला गलगंड म्हणतात त्याला कन्नडमध्येही गळगंडच म्हणतात. भाषा बदलली तरी रोग बदलत नाही आणि त्याचे औषधही!

एका व्याख्यानानंतरचा प्रश्न

आता कथा बोस्टन शहरात येते. १२ नोव्हेंबर १९३६ रोजी हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयात कार्ल कॉम्प्टन या भौतिकशास्त्रज्ञाचे व्याख्यान झाले. भौतिकशास्त्र हे जीवशास्त्राला आणि वैद्यकाला काय देऊ शकेल, असा विषय होता. एन्रिको फर्मीने दोनच वर्षांपूर्वी, १९३४ साली, न्यूट्रॉनांचा मारा करून अनेक मूलद्रव्ये कृत्रिम रीतीने किरणोत्सर्गी करता येतात हे दाखविले होते. श्रोत्यांत सॉल हर्ट्झ नावाचा एकतीस वर्षांचा डॉक्टर होता. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील थायरॉईडच्या रुग्णांची जबाबदारी त्याच्याकडे होती. व्याख्यान संपल्यावर त्याने एकच प्रश्न विचारला : आयोडिन किरणोत्सर्गी करता येईल काय?

प्रश्न साधा दिसतो, पण त्यामागे सव्वाशे वर्षांचे ज्ञान होते. ग्रंथीला आयोडिनची भूक आहे हे डॉक्टरला ठाऊक होते. द्रव्य किरणोत्सर्गी करता येते हे भौतिकशास्त्रज्ञाला ठाऊक होते. हर्ट्झने दोघांची गाठ घालून दिली. ग्रंथी स्वतःच्या भुकेने ते आयोडिन गिळेल आणि आतूनच किरणांनी भाजली जाईल, शस्त्र लावायला नको, ही ती कल्पना. कॉम्प्टनने महिनाभराने पत्राने कळविले की होय, करता येते. पण ते आयोडिन फार अल्पायुषी होते. त्याचे अर्धायुष्य केवळ पंचवीस मिनिटांचे, म्हणजे दर पंचवीस मिनिटांनी त्याचा जोर निम्मा होई. तरीही हर्ट्झ आणि आर्थर रॉबर्ट्स या तरुण भौतिकशास्त्रज्ञाने अठ्ठेचाळीस सशांवर प्रयोग केले. ग्रंथी हे आयोडिन नेहमीप्रमाणेच ओढून घेते, असे त्यांनी १९३८ साली प्रसिद्ध केले.

त्याच वर्षी देशाच्या दुसऱ्या टोकाला, बर्कली येथे, जोसेफ हॅमिल्टन हा डॉक्टर याच अडचणीत होता. त्याने ग्लेन सीबोर्गला गाठले आणि आठवडाभर टिकेल असे आयोडिन मिळते का पाहा, अशी विनंती केली. सीबोर्ग आणि जॉन लिव्हिंगूड यांनी आयोडिन-१३१ हा समस्थानिक शोधून काढला. त्याचे अर्धायुष्य भरले आठ दिवस! पुढे सीबोर्गच्या स्वतःच्या आईला थायरॉईडच्या विकारात याच आयोडिनाने अधिक वर्षे दिली, असे त्याने सांगून ठेवले आहे.

३१ मार्च १९४१ रोजी हर्ट्झने अतिक्रियाशील थायरॉईडच्या एका रुग्णेस किरणोत्सर्गी आयोडिनचा पहिला उपचारार्थ डोस दिला. १९४३ साली तो नौदलात गेला आणि त्याचे रुग्ण दुसऱ्या डॉक्टराकडे सोपविले गेले. युद्ध संपल्यावर त्या डॉक्टराने आपले वेगळे रुग्ण आणि वेगळा लेख तयार केला. ११ मे १९४६ च्या अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात दोन्ही लेख एकाच अंकात छापले गेले. श्रेयाचा वाद पुष्कळ दिवस चालला. हर्ट्झ १९५० साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, हृदयविकाराने गेला. आज मूळ प्रश्न त्याचा होता हे सर्वमान्य झाले आहे, पण ते ऐकायला तो राहिला नाही.

ग्रंथी नसतानाही भूक

किरणोत्सर्गी आयोडिन कर्करोगावर चालते हे ज्या रुग्णामुळे कळले, त्याची हकीकत विलक्षण आहे. न्यूयॉर्कच्या माँटेफिओरे हॉस्पिटलमध्ये डॉ. सॅम्युएल साइडलिन यांच्यापुढे एक गृहस्थ आले. त्यांची थायरॉईड ग्रंथी अनेक वर्षांपूर्वी काढून टाकलेली होती. असे असूनही थायरॉईड अति काम करीत असल्याची सारी लक्षणे त्यांच्यात होती : वजन घटलेले, छाती धडधडणारी. ग्रंथीच नाही तर हा रस येतो कोठून? उत्तर असे निघाले की मूळ ग्रंथीतला कर्करोग शरीरात इतरत्र पसरला होता आणि त्या दूरच्या गाठींनी ग्रंथीचा धर्म सोडला नव्हता. त्या अजूनही आयोडिन खात होत्या. १९४३ साली त्यांना किरणोत्सर्गी आयोडिन दिले गेले, ते त्या गाठींनी शोषून घेतले आणि रुग्ण सुधारला. १९४६ साली ही हकीकत प्रसिद्ध झाली.

पुढच्या साऱ्या संशोधनाचे बीज येथे आहे. आयोडिन कोणत्या अवयवात जाते हे अवयवाच्या जागेवर अवलंबून नाही; पेशीला भूक आहे की नाही यावर अवलंबून आहे. मग ज्या पेशीला ही भूक नाही तिला ती लावता आली तर?

आपल्याकडे हा उपचार फार उशिरा आला असे नाही. ट्रॉम्बे येथील ‘अप्सरा’ अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली आणि १९६३ साली अणुऊर्जा खात्याने मुंबईत परळ येथे रेडिएशन मेडिसिन सेंटर उघडले. थायरॉईडच्या कर्करोगासाठी मोठा डोस घेतलेल्या रुग्णाला काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवतात. नातेवाइकांना जवळ बसू देत नाहीत. घरच्यांना ते कठोर वाटते. परंतु रुग्णाच्या लघवीतून आणि घामातून ते आयोडिन बाहेर पडत असते आणि आठवड्याभरात त्याचा जोर बराच उतरतो, हे समजले म्हणजे काळजी कमी होते.

मेंदूच्या दाराशी

मेंदूच्या गाठीचा प्रश्न याहून फार कठीण आहे. १९२६ साली बेली आणि कुशिंग यांनी ग्लायोमा या गाठींचे वर्गीकरण केले. मेंदूच्या आधार-पेशींतून त्या उगवतात. त्यातल्या सर्वांत दुष्ट प्रकाराला आज ग्लायोब्लास्टोमा म्हणतात. १९२८ साली बाल्टिमोरचे शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी अशा काही रुग्णांच्या मेंदूचा उजवा अर्धा भाग समूळ काढून टाकल्याचे वृत्त प्रसिद्ध केले. इतके करूनही गाठ परत आली. कारण या गाठीला कड नसते. शेतातल्या हरळीप्रमाणे तिची मुळे निरोगी भागात दूरवर पसरलेली असतात. वरचे काढले तरी खालचे राहते.

किरणोत्सर्गी आयोडिन मेंदूच्या गाठीजवळ प्रथम पोहोचले ते उपचारासाठी नव्हे, शोधासाठी. मिनेसोटा विद्यापीठातील जॉर्ज मूर यांनी १९४८ साली फ्लुओरेसिन या रंगद्रव्याला किरणोत्सर्गी आयोडिन जोडून ते शिरेतून दिले आणि डोक्याभोवती गायगर गणक फिरवून गाठ कोठे आहे याचा ठाव घेतला. त्या काळी सीटी स्कॅन किंवा एमआरआय नव्हते. तरी एक फरक लक्षात घ्यावा. निरोगी मेंदूच्या रक्तवाहिन्या बाहेरच्या द्रव्यांना सहसा आत येऊ देत नाहीत. गाठीजवळ ही भिंत फुटलेली असते, म्हणून ते रंगद्रव्य तेथे पाझरले. गाठीला त्याची भूक होती म्हणून नव्हे. पाझरलेले द्रव्य गाठ दाखवू शकते. तिला मारण्याइतके ते साठत नाही.

भुकेचे जनुक

ग्रंथी आयोडिन ओढते कशी, हे कोडे १९९६ पर्यंत सुटले नव्हते. पेशीच्या आवरणात त्यासाठी एखादा पंप असला पाहिजे, एवढा तर्क होता. मेक्सिकोत जन्मलेल्या आणि न्यूयॉर्कच्या आल्बर्ट आइन्स्टाइन वैद्यकीय महाविद्यालयात काम करणाऱ्या नॅन्सी कारास्को यांनी त्यासाठी बेडकाच्या अंड्यांचा उपयोग केला. बेडकाच्या अंड्याला आयोडिनचे काही सोयरसुतक नसते. उंदराच्या थायरॉईड पेशींतील जनुकांचे संदेश त्या अंड्यांत टोचावयाचे आणि कोणते अंडे किरणोत्सर्गी आयोडिन ओढू लागते ते पाहावयाचे, अशी ही चिकाटीची रीत होती. शेवटी त्यातून नेमके एक जनुक हाती लागले. १९९६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात हा शोध प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ओहायो राज्य विद्यापीठात सिसी जियांग यांच्या गटाने माणसातील तेच जनुक मिळविले.

या पंपाचे नाव सोडियम-आयोडाइड वाहक. रीत सोपी आहे. पेशीच्या बाहेर सोडियम भरपूर, आत कमी. त्यामुळे सोडियम आत शिरायला नेहमी आतुर असतो. हा पंप त्याच्या ओढीचा फायदा घेऊन दोन सोडियमबरोबर एक आयोडाइड आत घेतो. ही लाळग्रंथीत असते, जठरात असते, आणि स्तनदा मातेच्या स्तनांतही असते. तान्ह्या बाळाला आयोडिन मिळते ते या पंपामुळेच. निसर्गानेही ही भूक गरजेप्रमाणे निरनिराळ्या ठिकाणी लावलेली आहे.

उसनी भूक

जनुक हाती आले तेव्हा जनुकोपचाराचे वारे जोरात वाहत होते. १४ सप्टेंबर १९९० रोजी अमेरिकेत चार वर्षांच्या एका मुलीवर पहिला मान्यताप्राप्त जनुकोपचार झाला होता. मेंदूच्या गाठीवरही प्रयत्न सुरू होता. १९९२ साली केनेथ कल्व्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूतील गाठीत नागीण-वर्गातील विषाणूचे एक जनुक घातले. त्या जनुकामुळे गॅनसायक्लोव्हिर हे एरवी निरुपद्रवी औषध त्या पेशींना विष ठरे. उंदरांच्या गाठी विरल्या. सर्वत्र आशा उसळली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस माणसांवर प्रयोग सुरू झाले. परंतु २४८ रुग्णांवर केलेल्या मोठ्या चाचणीचा निकाल २००० साली आला तेव्हा आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. दोष कल्पनेत कमी आणि वाटपात अधिक होता : गाठीतल्या फारच थोड्या पेशींपर्यंत जनुक पोहोचत होते. त्याआधी सप्टेंबर १९९९ मध्ये, यकृताच्या दुसऱ्या एका विकारावरील जनुकोपचाराच्या चाचणीत, अठरा वर्षांचा एक तरुण दगावला होता. साऱ्या क्षेत्रावरच अवकळा आली.

या पार्श्वभूमीवर ओहायोच्या संशोधकांची कल्पना महत्त्वाची ठरते. गाठीच्या पेशींना आयोडिनचा पंप द्यावा आणि मागून आयोडिन-१३१ द्यावे. यात तीन गोष्टी साधतात. एक, आयोडिनचा किरण पेशीबाहेर साधारण एक-दोन मिलिमीटरपर्यंत जातो. म्हणून जनुक न पोहोचलेल्या शेजारच्या पेशीही त्यात सापडतात. दोन, जनुक कोठे पोहोचले हे स्कॅनवर डोळ्यांनी दिसते. अंधारात बाण मारायला नको. तीन, औषध नवे नाही. त्याचे गुणदोष डॉक्टरांना १९४० च्या दशकापासून माहीत आहेत.

जे. वाय. चो, जियांग आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखविले की निरुपद्रवी केलेल्या ॲडेनो विषाणूवर स्वार करून हे जनुक मानवी ग्लायोमाच्या पेशींत घातले तर त्या पेशी काचेच्या बशीत आयोडिन खाऊ लागतात. २००२ साली त्यांनी पुढची पायरी गाठली. जनुक घातलेल्या गाठी उंदरांच्या मेंदूत वाढविल्या, त्या स्कॅनवर स्पष्ट दिसल्या आणि आयोडिन-१३१ दिल्यावर ते उंदीर अधिक काळ जगले. मेंदूच्या गाठीला थायरॉईडची भूक लागू शकते, हे प्रथमच सिद्ध झाले.

पण येथेच खरी अडचणही उघडी पडली. थायरॉईड ग्रंथी आयोडिन नुसते खात नाही, ती ते साठवते. आपल्या प्रथिनाला जोडून दिवसेंदिवस बांधून ठेवते. गाठीच्या पेशीला ही कला अवगत नाही. ती एका दाराने आयोडिन घेते आणि दुसऱ्या दाराने ते निसटते. आठ दिवस टिकणारे औषध काही वेळच आत राहिले तर त्याचा जोर वाया जातो. शिवाय दिलेले आयोडिन रुग्णाची स्वतःची थायरॉईड आधी पळवते, म्हणून तिला औषधाने निजवून ठेवावे लागते. यावर उपाय म्हणून संशोधक निराळ्या द्रव्यांकडे वळले. याच पंपातून आत जाणारे ऱ्हेनियम-१८८ सतरा तासांत निम्मे होते, ॲस्टाटिन-२११ साडेसात तासांच्या आतच. थोडा वेळ आत राहूनही ती आपले काम अधिक करतात. प्रयोगशाळेत यांचे निकाल आशादायक आहेत.

माणसांत या पंपाचा उपयोग प्रथम झाला तो मेंदूत नव्हे. २००८ साली डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलमधील संशोधकांनी प्रोस्टेटच्या कर्करोगात हे जनुक घालून ते स्कॅनवर दिसते हे दाखविले. मेंदूच्या गाठीसाठी या पद्धतीचा मान्यताप्राप्त उपचार आजही कोठे उपलब्ध नाही.

ताळेबंद

मग या दोनशे वर्षांच्या खटाटोपाचे फलित काय? थायरॉईडच्या बाबतीत फलित डोळ्यांसमोर आहे : मिठाच्या पुडीने गलगंड गेला आणि ज्या कर्करोगांना ही भूक आहे त्यांतले असंख्य रुग्ण बरे होऊन घरी गेले. मेंदूच्या गाठीच्या बाबतीत पावले लहान आहेत. २००५ साली स्टुप आणि सहकाऱ्यांनी किरणोपचारासोबत टेमोझोलोमाइड हे औषध दिले तेव्हा ग्लायोब्लास्टोमाच्या रुग्णांचे सरासरी आयुष्य १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेले. अडीच महिने! ऐकायला थोडे वाटते. पण पाच वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण शंभरात दोनांवरून दहांपर्यंत वाढले. ज्या घरातला माणूस त्या दहांत असतो त्या घराला हा आकडा थोडा नसतो. जून २०२१ मध्ये जपानने तोमोकी तोदो यांनी विकसित केलेल्या, बदललेल्या नागीण विषाणूच्या उपचारास घातक ग्लायोमासाठी सशर्त मान्यता दिली. तो आयोडिनचा उपचार नव्हे. पण गाठीपर्यंत विषाणू पोहोचविण्याचा जो रस्ता २००० साली खुंटल्यासारखा वाटत होता तो पुढे गेला आहे, एवढे त्यावरून नक्की कळते.

यात कोणी जादूगार नाही. आयोडिन सापडले त्यानंतर नऊ वर्षांनी ते गलगंडावर दिले गेले. हर्ट्झच्या प्रश्नानंतर पाच वर्षांच्या आत पहिला रुग्ण उपचाराला बसला. पंपाचे जनुक मिळाल्यावर सहा वर्षांत ते उंदराच्या मेंदूत काम करू लागले. उंदरापासून माणसापर्यंतची वाट मात्र या साऱ्यांहून लांब ठरली आहे आणि ती अजून संपलेली नाही. त्या वाटेवर थांबावे लागते म्हणून ती बंद आहे असे समजू नये; आणि ती आहे म्हणून पोहोचलोच असेही समजू नये.

तेव्हा घरी असा प्रसंग आला आणि कोणी नव्या उपचाराची बातमी आणली, तर जमिनीचा सौदा करण्यापूर्वी तीन प्रश्न अवश्य विचारावेत. हा उपचार उंदरावर झाला आहे की माणसांवर? माणसांवर झाला असल्यास किती माणसांवर, आणि ज्यांना तो दिला नाही त्यांच्याशी तुलना केली होती काय? त्याने किती दिवस वाढले आणि ते दिवस कसे गेले? डॉक्टर चांगला असेल तर या प्रश्नांनी तो रागावणार नाही. हर्ट्झनेही एका मोठ्या शास्त्रज्ञाला असाच साधा प्रश्न विचारला होता. आणि आज जगभर लक्षावधी माणसे किरणोत्सर्गी आयोडिनचा तो डोस घेऊन घरी जातात, ते त्या प्रश्नाचेच उत्तर आहे.